टाकी अर्धी, काटा शून्यावर: फ्लोट साफ करूनही दुखणं परत का येतं

पेट्रोलचा काटा बिघडला की गॅरेजमध्ये उपचार ठरलेला असतो. मागची सीट काढायची, टाकीतून फ्लोट (पेट्रोल किती आहे हे काट्याला कळवणारं युनिट) ओढायचा, स्प्रे मारायचा, पॉलिश पेपरचे दोन हात फिरवायचे आणि परत बसवायचा. काटा चालू होतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पडतो, पुन्हा सीट निघते, पुन्हा पॉलिश पेपर. तिसऱ्या खेपेला मेकॅनिक म्हणतो, ‘साहेब, जुनी गाडी आहे, किलोमीटर बघून पेट्रोल टाकत जा.’

हे परत परत येणारं दुखणं ज्यांच्या गाडीला जडलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. काटा चुकतो तो मोजक्या तऱ्हांनी. तो कोणत्या तऱ्हेने चुकतोय हे चार दिवस नीट पाहिलं, तर टाकी उघडायच्या आधीच निम्मं निदान होतं. कित्येकदा टाकी उघडावीच लागत नाही, कारण दोष टाकीच्या बाहेर असतो आणि फ्लोट काढ-घाल करताना जोड हलले म्हणून काटा तेवढ्यापुरता सुधारलेला असतो.

काट्याला फक्त ओहम कळतात

टाकीत तारेच्या दांडीच्या टोकाला हलका फ्लोट तरंगत असतो. त्याच्यावरून अख्ख्या युनिटलाही फ्लोटच म्हणतात. पेट्रोल वर-खाली झालं की दांडी फिरते. दांडीच्या मुळाशी स्प्रिंगची एक बारीक पत्ती असते, ती रेझिस्टन्सच्या, म्हणजे करंटला अडवणाऱ्या, प्लेटवर घासत सरकते. पत्ती कुठे टेकली त्याप्रमाणे ओहम, म्हणजे त्या अडथळ्याचं माप, बदलतात. बॅटरीचा करंट चावीतून डॅशबोर्डवरच्या मीटरमध्ये, तिथून वायरने टाकीपर्यंत, पत्ती आणि प्लेटमधून आणि शेवटी अर्थमधून, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून, बॅटरीकडे परत, असा हा फेरा. मीटर या फेऱ्यातला एकूण रेझिस्टन्स पाहून काटा हलवतो. तो फ्लोटमुळे वाढला की गंजलेल्या कपलरमुळे (वायरींच्या जोडामुळे), हे त्याला कळायचं काही साधन नाही.

कोणत्या टोकाला किती ओहम, हे गाडीगणिक बदलतं. जुन्या अमेरिकन पद्धतीत रिकाम्या टाकीला २४० आणि फुलला ३३. युरोपात उलटी पद्धत रुजली, रिकाम्याला १० आणि फुलला १८०. अमेरिकेतल्याच काही गाड्यांत ० ते ९०. जपानी वळणाच्या बहुतेक गाड्यांत, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या छोट्या गाड्यांपैकी बऱ्याच जणींत, रिकाम्याला ओहम जास्त आणि फुलला कमी असतात. आपल्या गाडीची दिशा कोणती हे आधी कळायला हवं, कारण एकच दोष दोन पद्धतींत एकमेकांच्या उलट दिसतो.

समजा फेऱ्यात कुठेतरी गंज धरला आणि ३० ओहम फुकटचे वाढले. २४०-३३ वाल्या गाडीत फुल टाकीला ३३चे ६३ होतात आणि काटा पाऊणच्या आसपास थांबतो. रिकाम्या टाकीला मात्र २४०चे २७० झाले तरी काटा आधीच तळाला टेकलेला असतो, फरक दिसत नाही. म्हणून ‘फुल कधीच दाखवत नाही, रिकामी मात्र बरोबर दाखवतो’ अशी तक्रार असेल तर फ्लोटवर संशय घेण्याआधी अर्थ आणि कपलर पाहावेत. १०-१८० वाल्या गाडीत हेच ३० ओहम जास्त महागात पडतात. रिकाम्या टाकीला १०चे ४० होतात आणि काटा थोडंसं पेट्रोल शिल्लक असल्याचं सांगत राहतो. गाडी घाटात बंद पडते तेव्हाही काटा वरच. डिझेलची जुनी गाडी असेल तर वर पाइपात शिरलेली एअर काढायचं कामही मागे लागतं.

मीटरचाही प्रकार पाहून ठेवावा. जुन्या गाड्यांत काटा गरम होऊन वाकणाऱ्या द्विधातूच्या पट्टीवर चालतो. चावी दिल्यावर तो हळूहळू, आळस देत चढतो. त्याला स्थिर व्होल्टेज देणारा एक छोटा रेग्युलेटर डॅशबोर्डमागे असतो. ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत तो साधारण १० व्होल्ट देतो. त्याच रेग्युलेटरवर बहुधा टेंपरेचरचा काटाही असतो. दोन्ही काटे एकाच वेळी जास्त किंवा एकाच वेळी कमी दाखवू लागले, तर टाकीला हातही लावू नका. रेग्युलेटर किंवा त्याचा अर्थ गेलेला आहे. नव्या मीटरमध्ये कॉम्प्युटर सरासरी काढून काटा हलवतो, त्यामुळे चढावर पेट्रोल मागे सरकलं तरी काटा लगेच नाचत नाही. याच कारणाने काही गाड्यांत इग्निशन चालू ठेवून पेट्रोल भरलं तर काटा बराच वेळ जुन्याच जागी राहतो. तो दोष नव्हे. पंपावर चावी बंद करायची तशीही रीत आहेच.

काटा कसा चुकतोय ते आधी बघा

काटा एकाच ठरावीक जागी पडत असेल, म्हणजे पाऊणपर्यंत ठीक, अर्ध्याच्या खाली आला की शून्य, पावाच्या खाली पुन्हा जिवंत, तर प्लेटचा तेवढा भाग खराब आहे. हा दोष आपल्याकडे खालच्या निम्म्या भागात जास्त सापडतो, आणि त्याचं कारण आपल्या सवयीत आहे. ‘पाचशेचं टाका’ म्हणणारी गाडी वर्षानुवर्षं पाव ते अर्ध्या टाकीतच फिरते. पत्ती तेवढ्याच दोन बोटं जागेत लाखो वेळा घासते आणि वरचा भाग कोरा राहतो. सीएनजी बसवलेल्या गाड्यांचं तर विचारूच नका. पेट्रोल फक्त सकाळी स्टार्ट करण्यापुरतं लागतं, टाकीत तेच पेट्रोल महिनोन्‌महिने पडून असतं, त्याचा चिकट गोंद होतो आणि पत्ती एकाच जागी त्यात बसून राहते. अशा गाडीचा काटा अडकला तर आश्चर्य कसलं.

खड्ड्यात, ब्रेक मारल्यावर काटा शून्यावर आपटून परत येत असेल तर पत्तीचा ताण कमी झालाय किंवा कपलर सैल आहे. पेट्रोल हिंदकळल्याने काटा थोडा डोलतो, पण एकदम तळाला जाऊन उसळी मारत नाही. हेडलाइट लावले, ब्रेक दाबला किंवा इंडिकेटर दिला की काटा हलतो? मागच्या भागाचा अर्थ गेलाय. दिव्यांचा करंट आणि फ्लोटचा करंट एकाच खराब वाटेने परत जायला धडपडतायत. पावसाळ्यात बिघडणारा आणि उन्हाळ्यात आपोआप बरा होणारा काटा दिसला तर गाडीखालचा कपलर आधी सोडवून पाहा. मुंबईत आणि कोकणात हे नेहमीचं. खारी हवा आणि चिखल मिळून कपलरच्या पिना हिरव्या करतात.

काटा सगळीकडे सारखाच थोडा कमी दाखवत असेल, मधे कुठे तुटत नसेल, तर फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो जड झालाय किंवा मागच्या वेळी कुणीतरी काढताना दांडी वाकवलीय. दुसरं कारण पहिल्याहून जास्त आढळतं. काटा कायम तळाला किंवा कायम फुलच्या पलीकडे असेल तर सर्किट तुटलंय किंवा शॉर्ट आहे, आणि ते शोधणं सर्वांत सोपं.

टाकी बंद ठेवूनच करायची तपासणी

चावी बंद करून टाकीवरचा कपलर काढा. काही गाड्यांत तो मागच्या सीटखालच्या झाकणाखाली असतो, काहींत डिकीच्या मॅटखाली, काहींत टाकी खाली उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. तिथे निदान वायरिंगचा मधला जोड तरी सापडतो. पंप टाकीतच असलेल्या गाडीत त्याच कपलरमध्ये पंपाच्या जाड वायरीही असतात. कोणत्या दोन वायरी फ्लोटच्या ते वायरिंगच्या आकृतीत पाहून मगच हात घाला. अंदाजाने कुठेही अर्थ दिला तर फ्यूज जाईल, किंवा फ्यूजपेक्षा महाग काहीतरी.

आता चावी द्या. ओहम रिकाम्याला जास्त असलेल्या पद्धतीत कपलर काढल्यावर काटा तळाला जातो, उलट्या पद्धतीत फुलकडे पळतो. मग फ्लोटकडे जाणारी मीटरची वायर ३.४ वॅटच्या १२ व्होल्ट बल्बमधून अर्थला द्या. जुन्या साध्या मीटरमध्ये बल्ब मंद लागतो आणि काटा विरुद्ध टोकाकडे चालू लागतो. बल्ब मधे घ्यायचा तो मीटरमधून बेसुमार करंट जाऊ नये म्हणून. वायर थेट बॉडीला घासून बघण्याची जी पद्धत आहे तिने मीटर जळालेले आहेत. ही टेस्ट कपलरपाशी करायची झाली तरी टाकी पूर्ण बंद असताना आणि पेट्रोलचा वास येत नसतानाच करायची. वास येत असेल तर आधी गळती शोधा, काटा नंतर.

यापेक्षा चांगली टेस्ट रेझिस्टन्स लावून होते, आणि कॉम्प्युटरवाल्या मीटरला तर हीच करावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत ५ वॅटचे सिमेंटचे रेझिस्टर किरकोळ पैशांत मिळतात. ३३, १०० आणि २२० ओहमचे घ्या. फ्लोटच्या जागी एकेक लावून काटा कुठे थांबतो ते लिहून ठेवा. द्विधातूच्या काट्याला प्रत्येक वेळी मिनिटभर वेळ द्या. तिन्ही वेळा काटा वेगवेगळ्या जागी ठाम उभा राहिला तर मीटर आणि पुढून मागे येणारी वायर निर्दोष आहेत, दोष फ्लोटचा किंवा अर्थचा. काटा इथेही थरथरला तर सीट परत बसवा आणि डॅशबोर्डकडे वळा.

त्यानंतर ओहम आणि व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर. चावी बंद करून फ्लोटच्या सिग्नल पिनपासून फ्लोटच्याच अर्थ पिनपर्यंत ओहम मोजा. मग त्याच सिग्नल पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजा. लांब वायर लागेल, ती जोडा आणि तिचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करा. या वेळी कपलरची अर्थ पिन एका जम्परने (सुट्या जोडवायरने) फ्लोटला जोडलेली हवी, नाहीतर फेरा पूर्णच होणार नाही. जुन्या एकवायरी फ्लोटला अर्थ टाकीच्या पत्र्यातूनच मिळतो, तिथे जम्परचा प्रश्न नाही. दोन आकड्यांत ओहमचा मोठा फरक असेल तर तो सगळा फरक अर्थचा आहे. टाकीचा पट्टा, त्याखालचं रबर, वरून मारलेला अंडरकोट (गंजरोधक लेप) या सगळ्यांनी टाकी बॉडीपासून तोडलेली असते. कुणीतरी आवडीने टाकी रंगवून घेतल्यावर काटा बिघडला, अशा गाड्या मी एकाहून जास्त पाहिल्यात. उपाय साधा: फ्लोटच्या फ्लँजपासून (टाकीच्या तोंडावर बसणाऱ्या चकतीपासून) चॅसिसवरच्या मूळ धातूपर्यंत वेगळी वायर, दोन्ही टोकांना रिंग टर्मिनल, जागा खरवडून चकचकीत केलेली, आवळल्यावर वर पेट्रोलियम जेली. गाडी सुरू असताना दिवे लावून फ्लोटचा अर्थ आणि बॅटरी निगेटिव्ह यांत ०.१ व्होल्टपेक्षा कमी दिसलं पाहिजे. ज्यांचा काटा फ्लोट साफ करूनही वर्षभर छळतोय त्यांच्यापैकी अनेकांचं काम इथेच संपेल.

शेवटी गाडीला मागून धरून हळूहळू हलवा आणि मल्टिमीटर पाहा. टाकी साधारण अर्धी हवी. ओहम सावकाश वर-खाली व्हायला हवेत. मधेच आकडा उडून मल्टिमीटर ‘तुटलंय’ म्हणाला तर प्लेट किंवा पत्ती खराब. यासाठी घरात जुना काट्याचा मल्टिमीटर पडला असेल तर तो वापरा; डिजिटलचे आकडे इतके नाचतात की क्षणभराचा तोडा नजरेतून सुटतो.

टाकी उघडणार असाल तर

पेट्रोलची वाफ उणे ४० अंशाच्या आसपासही पेट घेऊ शकते, आणि ती हवेहून जड असते. वर उडून जात नाही. गॅरेजच्या खड्ड्यात, सोसायटीच्या बेसमेंटमध्ये, उताराच्या टोकाला साचते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ मिसळली की ठिणगीचीच वाट. म्हणून हे काम उघड्यावर, सावलीत. बॅटरीचं निगेटिव्ह काढून बाजूला. टाकी पावाच्या खाली आणलेली. वायर ओढून लावलेला हातदिवा नको, टॉर्च चालेल आणि ती टाकी उघडण्याआधीच लावलेली. नायलॉनचे कपडे नकोत. फोन खिशातून काढून घरात. पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. यातली एक गोष्टही कमी पडणार असेल तर पुढचं वाचून मेकॅनिकला नीट सांगण्यापुरता उपयोग करा, स्वतः उघडू नका. डिझेलची टाकी याहून बरीच क्षमाशील आहे, तरी सिगारेट ओढत कुणी उघडू नये.

एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) गाडीत बॅटरी काढण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा आणि आपणहून बंद पडू द्या. लाइनमध्ये साधारण ३ बार दाब असतो, तो उतरला नाही तर पाइप सोडताच पेट्रोल तोंडावर येतं. टाकीवरची माती ब्रशने आणि ओल्या फडक्याने पूर्ण काढा. आत पडलेली माती थेट पंपाच्या जाळीत जाते. फ्लँज कोणत्या बाजूला तोंड करून आहे त्याची खूण करा. लॉक रिंग असेल तर ती छिन्नी-हातोड्याने ठोकू नका. लाकडाचा तुकडा किंवा पितळेची सळई लावून फिरवा, पोलादाची ठिणगी तिथे परवडत नाही. फ्लोट सरळ वर ओढू नका. दांडी भोकातून तिरकी करून, फ्लोट शेवटी काढायचा. बिघडलेल्या काट्यांपैकी मोठा वाटा या एका क्षणी जन्माला येतो. बाहेर काढल्यावर टाकीचं तोंड लगेच स्वच्छ झाकणाने बंद करा.

प्लेटवरचा काळा थर

फ्लोट वाळू द्या, मग भिंग घेऊन प्लेट पाहा. जुन्या जीपगाड्या, अँबॅसॅडर यांच्या फ्लोटमध्ये पट्टीवर बारीक तार गुंडाळलेली असते. नंतरच्या गाड्यांत चिनी मातीची पातळ प्लेट, तिच्यावर चांदीमिश्रित धातूच्या कंगव्यासारख्या रेघा आणि मागे रेझिस्टन्सचा पट्टा. तपकिरी चिकट थर दिसला तर तो जुन्या पेट्रोलचा गोंद. हिरवा असेल तर तांबं-पितळ गंजलंय. निळसर काळा, न खरवडणारा थर दिसला तर तो गंधकाने काळी पडलेली चांदी, आणि दुखणं परत येण्याचं हे फार मोठं कारण.

देव्हाऱ्यातली चांदीची निरंजनं काळी पडतात तीच ही रासायनिक क्रिया, सिल्व्हर सल्फाइड. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधनात गंधकाची मर्यादा १० पीपीएम (दहा लाख भागांत १०) आहे, त्याआधी बीएस-४ मध्ये ५० होती. मग आता कसला गंधक, असं कुणीही विचारेल. पण ही मर्यादा एकूण गंधकाची आहे. चांदीवर चढतो तो त्यातला मोकळा गंधक आणि हायड्रोजन सल्फाइड, आणि ते अगदी अल्प प्रमाणातही चांदी काळी करतात. २००४ साली अमेरिकेत फ्लोरिडा आणि आसपासच्या भागात अशा मोकळ्या गंधकाचं पेट्रोल पंपांवर गेलं आणि असंख्य गाड्यांचे काटे एकदमच बिघडले होते. आपल्या रस्त्यांवर आज फिरणाऱ्या जुन्या गाड्यांनी तर बीएस-६ च्या कितीतरी आधीचं पेट्रोल प्यायलेलं आहे. तो थर वर्षानुवर्षांचा.

हा थर अल्कोहोलने निघत नाही. कॉन्टॅक्ट क्लीनरने निघत नाही. स्प्रे मारल्यावर गोंद धुऊन जातो, पत्ती थोडी हलते, तात्पुरता स्पर्श मिळतो आणि काटा उठतो. काळी चांदी मात्र जागच्या जागी. दोन महिन्यांनी परत पडण्याचं गणित हे असं आहे. पॉलिश पेपरने थर निघतो खरा, पण त्याबरोबर चांदीही जाते. चांदीचा थर केसाहूनही पातळ असतो. त्यावर ओरखडे पडले की पत्तीची टोकं भराभर झिजतात. तिसऱ्या सफाईनंतर कंगव्याचे दात गेलेले दिसतात आणि मग खरोखरच काही करण्यासारखं उरत नाही.

आधी गोंद काढा. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रश. कार्ब्युरेटर क्लीनर जपून, काही प्लास्टिकं त्याने चिरतात. काळा थर हलका असेल तर शाळेतला पांढरा मऊ खोडरबर रेघांच्या दिशेने फिरवा, शाईचा खरखरीत नको. थर जाड असेल आणि प्लेट सुटी निघत असेल तर घरचाच उपाय उत्तम: काचेच्या भांड्यात कडक गरम पाणी, त्यात चमचाभर खायचा सोडा, तळाला अ‍ॅल्युमिनियम फॉइल, आणि प्लेटची चांदी फॉइलला टेकेल अशी ठेवायची. अ‍ॅल्युमिनियम गंधक ओढून घेतं आणि काळ्या थरातली चांदी परत चांदी होते, घासून जात नाही. थोडा कुजक्या अंड्याचा वास येईल, तो गंधकाचाच. काही मिनिटांनी काढून स्वच्छ पाण्याने, मग अल्कोहोलने धुवा आणि पूर्ण वाळवा. ओलावा राहिलेली प्लेट टाकीत घालू नका. भांडी उजळण्याची पेस्ट वापरू नका, तिची पूड रेघांमध्ये अडकून बसते.

पत्ती, मूळ आणि फ्लोट

साफ झालेल्या प्लेटवर झिजलेली पत्ती ठेवली तर मेहनत वाया. पत्तीची टोकं भिंगाखाली पाहा. टोक गोलसर हवं. घासून सपाट झालं असेल, मधे खाच पडली असेल, तर तिची वाट बदला: बारीक चिमट्याने पत्तीची बोटं अगदी अर्धा मिलिमीटर बाजूला वाकवा, म्हणजे ती रेघांच्या न घासलेल्या पट्ट्यावरून चालतील. बहुतेक प्लेटवर दोन्ही बाजूंना अशी कोरी जागा असते. माझ्या मते फ्लोट दुरुस्तीतला सगळ्यांत टिकाऊ भाग हाच, आणि तोच कुणी करत नाही. ताणही थोडा वाढवा, पण बेताने. दांडी स्वतःच्या वजनाने खाली पडली पाहिजे. ताण जास्त झाला तर फ्लोट वरच अडकेल आणि प्लेटवर चर पडेल.

काही फ्लोटमध्ये अर्थ दांडीच्या मुळाशी असलेल्या खिळीतून जातो. ती खिळी सैल आणि गंजलेली असली की काटा भुतासारखा वागतो. दांडीपासून फ्लँजपर्यंत बारीक, लवचीक, विणलेल्या तारेचा तुकडा सोल्डर करा. तार मोकळी हवी, दांडीच्या पूर्ण फिरण्यात अडथळा नको. सोल्डरिंग टाकीपासून लांब, युनिट पूर्ण वाळल्यावरच.

तुटलेल्या प्लेटवर पेन्सिलची शिसं घासणं, सिल्व्हर पेंट लावणं असल्या युक्त्या ऐकायला छान. पेट्रोलमध्ये यातलं काही टिकत नाही. तारेची गुंडाळी तुटली असेल तरी तेच. ती तार नायक्रोमची, म्हणजे निकेल-क्रोमियमची, असते आणि तिला साधं सोल्डर धरत नाही. इथे नवा भाग घ्या.

फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल वाजतंय? प्लास्टिकचा असेल तर बदला. जुन्या पितळी फ्लोटला बारीक चीर असेल तर तो बादलीतल्या गरम पाण्यात बुडवा. आतली हवा फुगून चिरेतून बुडबुडे येतील आणि जागा सापडेल. पण आत पेट्रोल असताना त्याला सोल्डरिंगची उष्णता लावणं म्हणजे हातात बॉम्ब धरणं आहे. सगळं पेट्रोल आणि वाफ निघाल्याची खात्री देता येत नसेल तर तो सरळ बदलावा.

आता दांडी तळापासून वरपर्यंत हळूहळू फिरवा, मल्टिमीटर लावून, दोन्ही दिशांनी. आकडा कुठेही उडता कामा नये. दोन्ही टोकांचे आणि मधल्या दोन-तीन जागांचे ओहम कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला हेच आकडे लागतील. काटा जुळवायचा असेल तर दांडी जुळवण्याआधी ठरवा की ‘ई’वर आल्यावर टाकीत ३-४ लिटर उरलेलं हवं. खालचं टोक बरोबर लावा, वरच्या टोकाला काटा फुलच्या किंचित खाली राहिला तरी कुणाचं नुकसान होत नाही. वाकवताना दांडी दोन पकडींत धरा, नाहीतर सगळा ताण पत्तीच्या मुळावर येतो.

बसवताना

साधं सिलिकॉन सीलंट पेट्रोलमध्ये फुगतं आणि त्याचे तुकडे पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. ते लावून ‘पॅकिंग झालं’ म्हणणाऱ्याला थांबवा. पॅकिंग किंवा रबर रिंग नवी घ्या. जुनी रिंग पेट्रोल पिऊन फुगलेली असते, खाचेत बसत नाही आणि जबरदस्तीने बसवली की गळते. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे आहे, त्यामुळे रिंग इथेनॉलला चालणारी हवी. जुन्या साठ्यातली कुठलीतरी मिळाली म्हणून लावू नका. इथेनॉल पाणी ओढतं, आणि पडून राहणाऱ्या गाडीच्या टाकीच्या तळाशी ते पाणी गंज आणतं. सीएनजी गाडी असली तरी आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवावी आणि टाकीतलं पेट्रोल बदलत राहावं.

खूण जुळवून बसवा, रिंग आवळा, कपलर नीट कट्ट वाजेपर्यंत लावा, मग बॅटरी. टाकी फुल करा आणि सीट न बसवता पाहा: वास, ओल, काट्याची जागा. फुल टाकीतच फ्लँजची गळती दिसते, अर्ध्या टाकीत सगळंच कोरडं असतं.

काटा सुधारेपर्यंत ट्रिप मीटर शून्य करून चालवणं ठीक, पण वर्षानुवर्षं नको. टाकीतल्या पंपाला पेट्रोलच थंड ठेवतं. टाकी वारंवार कोरडी झाली की आधी पंप जातो, आणि तो फ्लोटपेक्षा कितीतरी महाग.

नवा फ्लोट घेणार असाल तर मल्टिमीटर घेऊनच दुकानात जा. डुप्लिकेट फ्लोट दिसायला हुबेहूब असतात आणि ओहम भलतेच. काउंटरवरच दांडी खाली आणि वर धरून दोन्ही टोकं मोजा, आपल्या कागदावरच्या आकड्यांशी ताडून पाहा. पंपासकट अख्खं मॉड्यूलच घ्यावं लागेल असं दुकानदार म्हणाला तर एकदा विचारा: बऱ्याच गाड्यांत फ्लोटचा भाग क्लिपने सुटा निघतो आणि सुटा मिळतोही. दुकानदार मोजू द्यायला नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.